सजग स्वप्न, शरीराची हालचाल आणि झोपेतील लकवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात "रातच्याला उरावर कोणीतरी बसायलंय" ही तक्रार ऐकली नाही असे गाव सापडणे कठीण आहे. अलीकडे तिच्या जोडीला एक नवी तक्रार आली आहे. मोबाइलवर ल्युसिड ड्रीमिंगचे व्हिडिओ पाहून तरुण मुले स्वप्नात जागे राहण्याचा सराव करतात आणि एखाद्या पहाटे डोळे उघडे, पण बोटही हलत नाही, अशा अवस्थेत सापडून घाबरतात. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असल्याने उत्तरे एकत्र दिली आहेत.

सजग स्वप्न म्हणजे नेमके काय?

स्वप्न चालू असतानाच "हे स्वप्न आहे" असे कळणे म्हणजे सजग स्वप्न, अर्थात ल्युसिड ड्रीम. कळले म्हणून स्वप्नाची सूत्रे हाती येतातच असे नाही. पुष्कळदा केवळ कळते आणि पुढचे सारे आपसूक घडत राहते. डच मानसोपचारतज्ज्ञ व लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली ही संज्ञा रूढ केली. तोवरच्या ५० वर्षांतील पाहण्यांचा जो एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडलेले असते आणि सुमारे २३ टक्के लोकांना ते महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडते. तेव्हा यात सिद्धी वगैरे काही नाही.

स्वप्नात मी जिवाच्या आकांताने धावतो, मग अंथरुणात पाय का हलत नाहीत?

ठळक, कथेसारखी स्वप्ने बहुतांशी रेम नावाच्या झोपेत पडतात. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने फिरतात अशी ही झोप असून, १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ती जगासमोर मांडली. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाने ती येते, पहाटेकडे तिचा काळ लांबत जातो आणि प्रौढ माणसाच्या एकूण झोपेचा सुमारे पाव हिस्सा ती व्यापते.

या झोपेत मेंदूचा हालचालीचा भाग स्वस्थ बसलेला नसतो. स्वप्नात आपण धावतो तेव्हा धावण्याचे आदेश खरोखर निघतात. मात्र त्याच वेळी मेंदूच्या देठातील पॉन्स या भागातून दुसरी साखळी कामाला लागते आणि तिच्यामुळे मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हलवतात त्यांच्यावर ग्लायसिन आणि गाबा ही दाबून टाकणारी रसायने सोडली जातात. पेशी गप्प होतात, स्नायू सैल पडतात. विहिरीवर जाऊन स्टार्टरचे बटण कितीही दाबले तरी डीपीवरचा फ्यूज काढलेला असेल तर मोटार सुरू होत नाही; बटण दाबणारा आणि मोटार दोन्ही ठाकठीक असतात, मधला रस्ता तेवढा बंद असतो.

हा फ्यूज खरोखर आहे हे मांजरांनी दाखवून दिले. फ्रान्समधील ल्याँ येथे मिशेल जूवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांच्या या झोपेतील सैलपणाची नोंद केली आणि पुढे १९६५ साली पॉन्समधील विशिष्ट जागी इजा केलेल्या मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ती मांजरे झोपेतच उठून उभी राहत, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालत, भांडण लागल्यासारखी पंजे मारत, आणि तरीही जागी नसत. उन्हाळ्यात माळवदावर अगदी कडेला अंथरूण टाकून झोपलेला माणूस स्वप्नात शिवार पालथे घालतो आणि सकाळी जागच्या जागी सापडतो, तो या फ्यूजच्या कृपेने.

मग या काळात शरीर पूर्ण निश्चल असते का?

नाही. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल यांना या बंदीतून सूट असते. डोळ्यांची सूट संशोधकांच्या फार उपयोगी पडली. इंग्लंडमधील हल येथे १९७५ साली कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाशी आधीच ठरवून घेतले होते की स्वप्नात भान आले की त्याने डोळे डावी-उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायचे. झोपेच्या यंत्रावर तो खुणेचा आलेख उमटला आणि यंत्राच्या इतर नोंदी मात्र माणूस रेम झोपेतच असल्याचे सांगत होत्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट दाखवून १९८१ साली प्रसिद्ध केली. स्वप्नात हाताची मूठ आवळली की खऱ्या हाताच्या स्नायूंत अगदी बारीक विद्युत झटके नोंदले जातात, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसले. म्हणजे फ्यूज काढलेला असला तरी थोडी गळती होतेच. झोपलेल्या बाळाची बोटे फडफडताना किंवा कुत्र्याचे पाय झोपेत थरथरताना आपण पाहतो, ती हीच गळती.

या खुणांचा संवाद पुढे दुतर्फी झाला. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार गटांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झोपलेल्या माणसाला आठातून सहा वजा करण्यास सांगितले गेले आणि त्याने स्वप्नातूनच डोळ्यांच्या दोन खुणांनी उत्तर दिले.

स्वप्नात मुद्दाम केलेल्या व्यायामाचा शरीरावर काही परिणाम होतो का?

होतो, पण तालमीत जाण्याची गरज भागेल इतका नव्हे. डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल या जर्मन संशोधकांनी सराव असलेल्या लोकांना सजग स्वप्नात बैठका मारायला सांगितल्या, तेव्हा पाय अंथरुणावर तसेच पडून असताना हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग वाढलेला दिसला. तेवढ्याच बैठकांना स्वप्नात जागेपणीपेक्षा अधिक वेळ लागतो, हेही त्यांनी नोंदवले. म्युनिकमध्ये २०११ साली झालेल्या एका प्रयोगात स्वप्नात मूठ आवळताना मेंदूचा हालचालीचा पट्टा चित्रणयंत्रात प्रत्यक्ष उजळलेला दिसला. दंड फुगणार नाहीत. परंतु नेम धरण्यासारखे कौशल्य स्वप्नातील सरावाने थोडे सुधारल्याचे लहान प्रयोगांत दिसले आहे. कुस्तीगिराने डाव मनात घोळवावा, तसा हा प्रकार आहे.

सजग स्वप्न पाहताना आपण जखडलेले आहोत हे जाणवते का?

सहसा जाणवत नाही, आणि गोंधळ येथेच होतो. सजग स्वप्नातील माणसाचे स्नायू इतर कोणत्याही रेम झोपेइतकेच सैल असतात. फरक एवढाच की त्याचे लक्ष स्वप्नातल्या देहावर असते आणि तो देह हवा तसा पळतो, पोहतो, उडतो. अंथरुणातल्या देहाची त्याला खबर नसते. झोपेतील लकव्यात, म्हणजे स्लीप पॅरालिसिसमध्ये, याच्या उलट घडते. माणसाचे भान खोलीत परत आलेले असते, पंखा दिसतो, बाहेरचा आवाज ऐकू येतो, पण रेम झोपेची बंदी अजून उठलेली नसते. एकात भान स्वप्नात जागे होते आणि दुसऱ्यात खोलीत. स्नायूंच्या बाबतीत दोन्ही एकच अवस्था आहे.

म्हणून सजग स्वप्न पाहणाऱ्याने मध्येच खऱ्या पायाचा अंगठा हलवून पाहण्याचा हट्ट धरला तर बहुधा त्याला जाग येते, आणि कधी कधी तो या लकव्यात येऊन अडकतो. याची वाट उलटीही असते. लकव्यात अडकलेल्याने धडपड सोडून स्वस्थ पडून राहिल्यास तो पुन्हा स्वप्नात, आणि तेही भानासह, उतरू शकतो. अनुभवी लोक याचा मुद्दाम उपयोग करतात.

मी उठलो, दिवा लावला, आणि मग कळले की मी अजून झोपेतच आहे. हे काय?

ही खोटी जाग होय. ओळखण्याच्या दोन युक्त्या बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवरील मजकूर एकदा वाचून नजर हटवावी आणि पुन्हा वाचावा. स्वप्नात तो बहुधा बदलतो. किंवा तोंड मिटून नाक चिमटीत धरावे. तरीही श्वास आत जात असेल तर आपण स्वप्नात आहोत, कारण खरे नाक आणि खरा श्वास अंथरुणात मोकळाच आहे.

छातीवर ओझे का वाटते? त्यात श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो का?

एरवी निरोगी असलेल्या माणसाला या लकव्याने मृत्यू येत नाही. श्वासपटलाचे काम चालू असते, म्हणून श्वास अखंड सुरू असतो. परंतु फासळ्यांमधील मदतनीस स्नायू सैल पडलेले असतात, रेम झोपेत श्वास मुळातच उथळ व अनियमित असतो आणि घाबरलेला माणूस मुद्दाम दीर्घ श्वास घेऊ पाहतो, तो त्याला घेता येत नाही. या न जमण्यालाच मेंदू ओझे समजतो.

उरावर बसणारी आकृती स्वप्नाच्या उरलेल्या तुकड्यांतून येते. भीती ओळखणारा मेंदूचा भाग या वेळी तापलेला असतो, डोळे उघडे असतात आणि अर्धे स्वप्न खोलीवर पसरते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन चेन यांनी या भासांचे तीन प्रकार सांगितले: कोणीतरी खोलीत शिरल्याचा, छातीवर दाब पडल्याचा, आणि शरीर तरंगल्याचा किंवा हलल्याचा. जपानी लोक याच अनुभवाला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन बसते, आपल्याकडे मुंजा किंवा हडळ येते. पाहुणा ज्या त्या गावचा असतो. तिसऱ्या प्रकाराला लातूर-धाराशिव पट्ट्यात वेगळीच धार आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी झोपेतून उठून भोगली, त्यांना बाज हादरल्याचा भास झाला तर दुसरे काय वाटणार? माझ्या मावशीने अशाच एका पहाटे, अंग मोकळे होताच, सारे घर उठवून अंगणात काढले होते, आणि कोणीही तिला हसले नाही.

घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे. देवऋषीकडे जावे का?

घरचे आपल्या काळजीपोटी बोलतात, त्यांच्याशी वाद घालून झोप सुधारत नाही. कोणी उशाशी अंगारा ठेवला आणि त्याने मनाला धीर आला तर त्यात बिघडत काही नाही. बिघडते ते भीती वाढवली की, कारण भीतीने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने लकवा वाढतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि याची बळी बहुतेक वेळा नवी सून किंवा वयात आलेली मुलगी असते. तेथे गप्प बसू नये.

हा त्रास कोणाला जास्त होतो?

२०११ साली अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना, तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचे दिसले. विद्यार्थ्यांचा आकडा वाचून लातूरच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींना नवल वाटू नये. अपुरी आणि अवेळी झोप, मनावरचा ताण, उताणे झोपणे आणि दुपारची अर्धवट डुलकी ही त्याची प्रमुख निमित्ते आहेत. शेतीची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात दारे धरायला मध्यरात्री जाणारा शेतकरी आणि पहाटेच फडात उभा राहणारा ऊसतोड कामगार यांची झोपही अशीच तुकड्यांची असते. मोठ्या आघातातून गेलेल्यांत आणि काही कुटुंबांतही प्रमाण अधिक आढळते.

लकवा आला त्या क्षणी काय करावे?

अंग झटकून उठण्याचा प्रयत्न करू नये. तो फसतो आणि भीती दुप्पट होते. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्यावा, डोळे फिरवावेत, कारण त्यांना बंदी नाही, आणि सारे लक्ष एखाद्या बारीक हालचालीवर, पायाच्या अंगठ्यावर किंवा जिभेच्या टोकावर, न्यावे.

माझा पहिला अनुभव बारावीच्या वर्षाचा आहे. दुपारी जेवून भाड्याच्या खोलीत पुस्तक छातीवर ठेवून उताणा पडलो होतो. कूलर घरघरत होता, खाली अंगणात घरमालकीणबाई ज्वारी पाखडत होत्या आणि सुपाचा आवाज स्पष्ट येत होता. दारात कोणीतरी उभे असल्याची खात्री होती, पण मान वळेना. "काकू" अशी हाक मारली ती घशातच राहिली. कितीतरी वेळाने, निदान मला तसे वाटले, अंगठा हलला आणि सारे अंग एकदम सुटले. धावत खाली गेलो तेव्हा काकूंच्या सुपात तीच पहिली पसाभर ज्वारी होती. असे झटके बहुधा काही सेकंद ते दोन-चार मिनिटे टिकतात. आतून मात्र ते फार लांब वाटतात. शेजारी झोपलेल्याने हात लावला किंवा नावाने हाक मारली तर बंदी लवकर उठते, म्हणून घरात एकाला तरी हे सांगून ठेवावे.

सजग स्वप्नांच्या सरावाने हा लकवा वाढतो का?

सरावाच्या पद्धतीवर ते अवलंबून आहे. दिवसा अधूनमधून "मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?" असे स्वतःला विचारणे आणि सकाळी स्वप्न लिहून काढणे यांनी झोपेला धक्का लागत नाही. पाच तास झोपून गजर लावून उठणे, थोडा वेळ जागून पुन्हा झोपणे, ही पद्धत परिणामकारक आहे, पण ती झोप तोडते. सर्वांत नाजूक पद्धत म्हणजे जागेपणीचे भान न सोडता थेट स्वप्नात उतरणे, कारण या वाटेवर शरीराची बंदी भान असतानाच लागताना जाणवू शकते. अंगात झिणझिण्या, कानात घोंगावणे आणि मग जडपणा. ज्याला ते अपेक्षित आहे त्याला ती वेशीवरची खूण वाटते, ज्याला नाही तो किंचाळू पाहतो. माझे मत विचाराल तर परीक्षेच्या वर्षात, रात्रपाळीत, गरोदरपणात आणि मनाचा आजार असताना गजराचे खेळ करू नयेत.

आमचे आजोबा झोपेत ओरडतात, लाथा मारतात. हेही त्यातलेच का?

हे त्याच्या नेमके उलट आहे. येथे फ्यूज निघतच नाही. स्वप्न चालू असते आणि अंगही चालते. माणसांमधील या रेम वर्तनविकाराचे रीतसर वर्णन अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली केले. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत तो अधिक आढळतो. आजोबा रानडुक्कर हाकलत असतात आणि मार आजीला बसतो. घरात याचे किस्से होतात, जेवताना हसणे होते, आणि नात उरावर ओझे वाटते म्हणाली की तिला मात्र तीन गावे फिरवले जाते. धावपळ आजोबांसाठी करायला हवी. २०१९ साली २४ केंद्रांतील १२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या विकाराला दुसरे कारण सापडले नव्हते अशा त्या लोकांपैकी दरवर्षी सुमारे ६ टक्के लोकांत पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा मेंदूचा आजार उघड होत गेला. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असे होऊ शकते, म्हणून चालू औषधे दाखवावीत, स्वतःहून थांबवू नयेत. तोवर बाज बाजूला करून जमिनीवर गादी घालावी, विळा-कुऱ्हाड जवळ ठेवू नये आणि आजीने वेगळे झोपावे.

झोपेत चालणे हा याचाच प्रकार आहे का?

नाही. ते रात्रीच्या पहिल्या भागातील, रेम नसलेल्या गाढ झोपेतून उद्भवते आणि मुलांत अधिक दिसते.

हा लकवा आणि खरा लकवा यांत फरक कसा ओळखावा?

शब्द एकच असल्याने हा प्रश्न जिवाशी येऊ शकतो. झोपेतील लकवा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि काही मिनिटांत पूर्ण नाहीसा होतो. उठल्यावर तोंड एका बाजूला वाकडे दिसणे, एकच हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. तेव्हा कोठलीही जडीबुटी न देता १०८ वर फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तालुक्याहून जिल्ह्याला पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

डॉक्टरांकडे कधी जावे आणि काय सांगावे?

महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी झटका येत असेल तर झोपेची वेळ सांभाळणे आणि कुशीवर झोपणे एवढे पुरे असते. आठवड्याला अनेकदा येत असेल, झोपण्याचीच भीती बसली असेल, दिवसा बोलता-बोलता डोळा लागत असेल, किंवा खदखदून हसताना गुडघे एकाएकी लुळे पडत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे; शेवटची दोन लक्षणे नार्कोलेप्सी या आजाराची असू शकतात. झोपण्याची व उठण्याची वेळ, झटक्याची वेळ आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आजोबांच्या बाबतीत रात्रीच्या हालचालींचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे आणि तपासणीच्या खोलीत आजीलाही आत न्यावे, कारण रात्री काय झाले हे आजोबांना बहुधा ठाऊक नसते.